पाच जिनसांचं चूर्ण

१

कालीबाईच्या औषधात गुण नाही, ही बातमी तोरणमाळला पोचवली ती नूतननंच, आणि तीही उभ्याउभ्या. परतीची जीप भरली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून अंगणाच्या कडेलाच थांबून तिनं सांगून टाकलं, "आजी, तपासणीत काही निघालं नाही. चूर्ण निकामी आहे असं आलंय." म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "जेवून जाणार ना?" नूतन जेवली नाही. जीप निघून गेली असती.

ही जूनमधली गोष्ट. पुढे जुलैत कुणाकडून तरी कानावर आलं, की कालीबाईनं घरातली सगळी मुळं, साली आणि पुड्या सीताखाईच्या दरीत टाकून दिल्या. पोट बिघडलं म्हणून कुणी दारात आलं, की ती म्हणते, "मला काही येत नाही. शहाद्याच्या मॅडमनी तपासलंय."

नूतन पाटील शहाद्याच्या फार्मसी कॉलेजात सव्वीस वर्षं लॅब टेक्निशियन होती. ऑगस्टमधल्या एका सोमवारी प्रयोगशाळेचा फ्रिज साफ करताना तिला मागच्या कोपऱ्यात एक छोटी कुपी सापडली. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं: 'का-१, जानेवारी'. कालीबाईच्या चूर्णाच्या पहिल्या खेपेचा तो अर्क होता. काम संपलं होतं, कुपी फेकायचीच होती. पण त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी जंतूंच्या ताटल्या तयार करायच्या होत्याच. जुलाबाच्या जंतूंचा पातळ थर असलेली एक ताटली जास्तीची होती. त्यात तिनं दोन भोकं पाडली. एकात का-१ चे थेंब सोडले, दुसऱ्यात तुलनेसाठी थायलंडहून आलेल्या तशाच चूर्णाचा अर्क. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ते खाली ठेवलेलं सूप डोळ्यांपुढून हलत नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताटली उजेडासमोर धरली. थाई औषधाभोवती जंतू मरून सोळा मिलिमीटरचं स्वच्छ कडं पडलं होतं. कालीबाईच्या औषधाभोवती एकोणीसचं.

जूनच्या अहवालात कालीबाईच्या नावापुढे शून्य होतं. आणि त्या अहवालाखालची तिसरी सही नूतनची होती.

२

"नूतनबेन, जुनी कुपी आहे. काहीतरी मिसळलं असेल," डॉ. हेमराज पाटील म्हणाले. ते विभागप्रमुख होते, आणि नूतनच्याच कळसाडी गावचे. लहानपणापासूनची ओळख, म्हणून चारचौघांतही बेन, म्हणजे बहीण, म्हणत.

हा सगळा प्रकल्प त्यांच्याच डोक्यातला. उत्तर थायलंडमध्ये पोटाच्या विकारांवर पाच जिनसांचं एक चूर्ण पिढ्यान् पिढ्या देतात. तिकडे त्याला बेंचकूल म्हणतात. आपल्या पंचकोलाचंच ते भावंड: पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रकाचं मूळ आणि सुंठ. तोरणमाळची कालीबाई कुठलीही पोथी न वाचता जवळपास तेच पाच जिन्नस चिमटीच्या मापानं एकत्र करते, आणि तिची नात सीमा आपल्याच कॉलेजात शिकते, हे हेमराज सरांना कळलं, तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले होते. थायलंडच्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार झाला, तिकडून चूर्णाची पाकिटं आली, आणि दोन्ही औषधं शेजारीशेजारी तपासायचं ठरलं. जानेवारीतल्या पहिल्या चाचणीत म्हातारी थाई लोकांच्या पुढे निघाली. मग नव्या खेपेवर जूनमधली पक्की चाचणी, आणि ते शून्य.

"कुपीत काही मिसळलेलं नाही सर. कुपी माझ्या हातची आहे," नूतन म्हणाली. "जूनच्या बरणीतलं चूर्ण वेगळं होतं."

"बरणी होळीनंतर आपण सगळ्यांसमोर लाखेनं बंद केली. जूनमध्ये उघडली तेव्हा लाख जशीच्या तशी होती. तुम्हीच पाहिलंत. काम झाल्यावर पुन्हा लाख लावली, तीही तुमच्यासमोर. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक स्टोअरमध्ये दगाकडे. अहवाल थायलंडला गेलाय, नूतनबेन. आता उकरून काय मिळणार?"

"कालीबाईला मिळेल काहीतरी."

सरांनी चष्मा काढून पुसला. "जूनची चाचणी धीरजनं केली होती," ते हळूच म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यात तो पीएचडीला तिकडेच निघालाय. थायलंडला."

३

धीरजचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. तो सरांचा संशोधक विद्यार्थी, तिशीच्या आतला, हुशार आणि थोडा उतावळा.

"म्हणजे तिकडच्यांचं औषध वर यावं म्हणून मी आजीचं खाली पाडलं, असंच ना?" त्यानं कपाटातून आपली वही काढून टेबलावर आपटली. "बघा. जूनमध्ये मी चाचणी एकदा नाही, चारदा केली. मलाच पटत नव्हतं. चारही वेळा शून्य. शून्यच यावं असं वाटणारा माणूस एकदा करून गप्प बसला असता."

वहीत चार तारखा होत्या, चार ताटल्यांचे फोटो होते. नूतननं वही मिटली.

"मग तुझं काय म्हणणं?"

"थाई औषधात लाल फुलाचा चित्रक असतो, आजीच्या औषधात आपला पांढऱ्या फुलाचा. जंतूंवर खरा मारा चित्रकच करतो. बाकीचे चार पोटाला आधार देतात. फरक पडला असेल तर तिथेच. थाई पाकिटावरच्या सूचनांचा अनुवाद आला होता, त्यात सगळं सविस्तर असेल. तुमच्याच फाइलीत लावलाय तुम्ही."

नूतननं फाइल काढली. अनुक्रमणिकेत सतरावा कागद: 'पाकिटावरील सूचना, अनुवाद'. तिला आठवलं, फेब्रुवारीत आलेला तो कागद तिनं न वाचताच भोकं पाडून लावून टाकला होता. सोळावा कागद होता. अठरावाही होता. मध्ये दोऱ्याला कागदाचं एक बारीक फाटकं टोक तेवढं अडकलं होतं.

४

स्टोअरमधला दगा कारकुनापेक्षा जुना आणि शिपायापेक्षा मानी. नूतन दारात दिसताच त्यानं ओळखलं, की ही चहाला आलेली नाही.

"ताई, मन्हावर डाऊट लेई ऱ्हायनात का तुम्ही?"

"डाऊट नही रे दगा. फक्त सांग, बरन्या कोनी भऱ्यात?"

"मीच भऱ्यात, दोन्ही येळे. पहिली संक्रांतना येळे, दुसरी होळी झायावर. सीमाताई घरथीन पिशवी लई ऊनी, मी बरनीमा वती, आनी सरनी लाख लाई."

बोलता बोलता त्यानं हात मागे नेला. नूतनला दिसलंच. उजव्या हाताच्या बोटांवर काळसर डाग होते, भाजून बरे झाल्यासारखे.

"हातले काय व्हयनं तुन्हा?"

"जुनं शे ते. पहिली बरनी भरी ना, तवय हात असा बळना, आठ दिन फोड ऱ्हायनात. कोनले सांगू? म्हनतीन, दगाले काम नको शे. दुसरी येळे मी घाबरी घाबरी हातमोजा मांगा, तो बी फाटेल निंघना. पन त्या येळे काहीच नही व्हयनं. सुंठनं पीठ भरं जसं."

चित्रकाचं मूळ कातडीला लागलं की फोड येतात, हे नूतननं विद्यार्थ्यांना सव्वीस वर्षं सांगितलं होतं.

"दगा," ती म्हणाली, "हाई तू माले मार्चमाच सांगता तं बरं व्हतं."

"तुम्ही इचारंच कधी?" दगा म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

५

दुपारी तिनं हेमराज सरांना आणि धीरजला बोलावलं आणि त्यांच्यासमोर बरणीची लाख फोडली. तीन परीक्षानळ्या मांडल्या. एकीत थाई अर्क, दुसरीत जानेवारीची कुपी, तिसरीत बरणीतल्या चूर्णाचा ताजा अर्क. तिन्हींत चुन्याच्या निवळीचे थेंब सोडले. चित्रक असेल तर चुन्यानं रंग फिरतो.

पहिली नळी जांभळट लाल झाली. दुसरीही. तिसरी पिवळी होती, ती पिवळीच राहिली.

"चित्रक नाही," सर म्हणाले. "पण मग बरणीत आहे काय?"

ते धीरजनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, जानेवारीच्या नोंदींशी ताडून सांगितलं. पिंपळी होती, पिंपळमूळ होतं, चवक होता, सुंठ होती. माप जानेवारीसारखंच. आणि सगळ्यात पाट्यावर वाटताना मिसळतात तशी दगडाची बारीक कच, तीही जानेवारीसारखीच.

नूतन खुर्चीवर बसली. "बाहेरच्या कुणी बरणी बदलली असती तर आत काहीही भरलं असतं," ती म्हणाली, "मैदा, माती, बाजारातली सुंठपूड. इथे तर म्हातारीचे चार जिन्नस म्हातारीच्या मापानं म्हातारीच्याच पाट्यावर वाटलेत. फक्त पाचवा घातलाच नाही. म्हणून तर दगाचा हात भाजला नाही. चूर्ण कॉलेजात कुणी बदललंच नाही सर. लाख लावायच्या आधीच ते असं होतं. वरून निघालं तेच असं."

"म्हणजे कालीबाईनंच?"

"आपल्याच औषधाला तिनं कशाला पाडावं? आणि फाइलीतला कागद काढायला ती इथे कधी आली?"

धीरजचा फोन वाजला. फाटलेल्या कागदासाठी त्यानं सकाळीच तिकडे निरोप पाठवला होता, आणि आता त्याचा फोटो आला होता. त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मात्रा, अनुपान, साठवण. शेवटच्या ओळीशी त्याचा आवाज बारीक झाला.

"गरोदर स्त्रीला कोणत्याही महिन्यात देऊ नये. गर्भ पडतो."

नूतनला जूनमधलीच एक गोष्ट आठवत होती. तोरणमाळला निघताना ती सीमाला म्हणाली होती, चल, तुझीच तर आजी. सीमानं मान खाली घालून सांगितलं होतं, प्रॅक्टिकल आहे मॅडम. त्या आठवड्यात कुठलंही प्रॅक्टिकल नव्हतं. हे नूतनला तेव्हाही माहीत होतं.

६

सीमा पावरा एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पाड्यावरून इतकं शिकलेली ती पहिलीच. नूतन वसतिगृहावर गेली तेव्हा ती बाहेरच्या ओट्यावर कपडे वाळत घालत होती. नूतनच्या हातात त्या कागदाची प्रत होती. सीमानं ती पाहिली आणि ओला दुपट्टा तसाच बादलीत सोडला.

"खूप आधी याल असं वाटलं होतं मॅडम," ती म्हणाली.

नूतन ओट्यावर बसली. सीमा उभीच राहिली, आणि उभ्याउभ्याच तिनं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी तिची भावजय रूपली चार महिन्यांची गरोदर होती. जुलाब लागले. आजीनं जे सगळ्यांना दिलं तेच तिला दिलं, मायेनं, स्वतःच्या हातानं पाजलं. जुलाब थांबले. तिसऱ्या दिवशी गर्भ पडला. घरात सगळे म्हणाले, आजारानंच गेलं. सीमाही तेच म्हणाली.

"फेब्रुवारीत हा कागद वाचला. तुम्ही फाइलीला लावायच्या आधी टेबलावर होता. मला वाटलं, तुम्हीही वाचला असेल."

"नाही वाचला," नूतन म्हणाली.

"होळीला घरी गेले. आजीचं मनगट दुखत होतं, म्हणून वाटायला मी बसले. चार वाटले. चित्रक पदराला बांधला आणि येताना घाटात टाकला. परत आल्यावर कागद फाडला."

"अगं, पण का? सरांना सांगायचंस. मला सांगायचंस. अहवालात एक ओळ लिहिली असती, गरोदर बाईला देऊ नये म्हणून. औषध खरंच राहिलं असतं."

"तुमच्यासाठी ती एक ओळ आहे मॅडम." सीमाचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाड्यावर ती ओळ कशी ऐकतील? कालीबाई पोटातली पोरं पाडते, अशी. आमच्या पलीकडच्या गावात एका बाईला डाकीण ठरवून घरातून काढलं. तीही औषधच द्यायची. तिच्या घराला आता दार नाही. निकामी औषधवाल्या म्हातारीला कुणी काही करत नाही. हसतात आणि सोडून देतात. मला वाटलं, चूर्ण खोटं ठरलं की लोक घ्यायचे थांबतील, बायका वाचतील आणि आजीही वाचेल."

"आणि आजीनं सगळं दरीत टाकलं ते?"

सीमा खाली बसली. "ती जेवतही नाही नीट," ती म्हणाली. "दादाचा फोन येतो. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आजीला दुःख होईल, एवढंच वाटलं होतं. ती मोडेल असं नव्हतं वाटलं."

नूतनला तिच्यावर रागवायचं होतं. जमेना. त्या कागदाला न वाचता भोकं पाडणारे हात तिचे स्वतःचे होते.

७

हेमराज सरांनी थायलंडला नवा अहवाल धाडला. त्यात एकोणीस मिलिमीटर होते आणि गरोदर बायकांची ओळही होती. आपल्या सहीखाली त्यांनी चूक कबूल केली. सीमाचं नाव प्रकल्पातून काढावं लागलं आणि तिचं एक वर्ष गेलं. त्या पत्रावर सही करताना ते नूतनला म्हणाले, "पोरगी दोन वर्षं माझ्यासमोर बसत होती. पाड्यावर औषध घेऊन बायकांना काय होतं, एवढं मी तिला एकदा विचारलं असतं तर." पाड्यावर या अहवालातलं काय सांगायचं आणि कसं, हे त्यांनी नूतनवर सोडलं.

नूतन आणि सीमा दोघी जीपनं वर गेल्या. या वेळी नूतननं ड्रायव्हरला सांगून टाकलं, की आम्ही आज परतणार नाही.

कालीबाई अंगणात बसली होती. जूनपेक्षा बारीक झाली होती. सीमा तिच्या पायाशी बसून पावरी बोलीत बोलू लागली. नूतनला शब्द कळत नव्हते, पण आधी कुठली गोष्ट सांगायची हे दोघींनी ठरवलं होतं. पहिली गोष्ट म्हातारीपर्यंत पोचली तेव्हा तिनं नूतनकडे पाहिलं आणि मराठीतच विचारलं, "खरं? औषध खरं?"

"खरं आहे आजी. थायलंडवाल्यांपेक्षा वरचढ. माझीच चूक झाली. आणि उभ्याउभ्या सांगितलं, ती दुसरी चूक."

म्हातारीचा चेहरा उजळला. पाठ ताठ झाली. आत कुणाला तरी हाक मारून तिनं मॅडमना पाणी आणायला सांगितलं. तिथेच थांबावं, पुढचं बोलूच नये, असं नूतनला फार वाटलं. पण सीमा थांबली नाही. या वेळी ती अगदी हळू बोलत होती, आणि बोलता बोलता तिनं आजीचे दोन्ही पाय धरून ठेवले होते.

कालीबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. मग काठी शोधली, उठली, आणि अंगणापलीकडच्या नातवाच्या घराकडे निघाली. दोघी मागोमाग गेल्या.

रूपली दारात भगर पाखडत होती. सासूच्याही सासूला येताना पाहून ती लगबगीनं उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. कालीबाई ओसरीवर चढली नाही. खालीच उभी राहून काठीवर दोन्ही हात ठेवून बोलत राहिली. मोठं काही नाही, पाचसहा वाक्यं असतील. रूपलीनं सुपातल्या दाण्यांकडे बघत उत्तर दिलं, फारच थोडक्यात.

"काय म्हणाली?" नूतननं विचारलं.

सीमानं सांगितलं, "वहिनी म्हणते, तिला तेव्हाच कळलं होतं. औषध पोटात गेलं त्याच रात्री. आजीला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

कालीबाईनं काठीवरचा एक हात सोडला आणि बोटं मोडत नावं घ्यायला लागली. एक नाव, मग दुसरं. तिसऱ्या नावाशी ती थांबली आणि नातसुनेला काहीतरी विचारलं. रूपलीच्या हातातलं सूप कलंडलं आणि भगर ओसरीभर पसरली.

हे काय होतं ते नूतनला विचारावं लागलं नाही. सीमा आपणहूनच म्हणाली, जमिनीकडे बघत, एकेक शब्द वेगळा करून.

"आजी म्हणते, मग बोलली का नाहीस गं? तुझ्यानंतर तिघींना दिलं मी."